अठरावा अध्याय, पण मत्तयाचा

क्षमेवर लिहायला बसलं की दुसऱ्याच वाक्याला माझा आवाज व्यासपीठावरून यायला लागतो, आणि तो मला स्वतःलाच ऐकवत नाही. म्हणून इथे दोन माणसं बसवली आहेत. मामा नगरचे. शहराचं नाव अहिल्यानगर झालं तरी ते नगरच म्हणतात. निवृत्त मराठी शिक्षक, आणि चर्चच्या कमिटीत बारा वर्षं सेक्रेटरी. भाची पुण्यात नर्स आहे. तिच्या शंका बहुतेक माझ्याच. मामांचा चिडखोरपणाही थोडाफार माझाच.

शनिवारची दुपार. ओटीवर जुनं वर्तमानपत्र पसरलेलं. वाटीत मैद्याची खळ, किडे लागू नयेत म्हणून तीत चिमूटभर मोरचूद. शेजारी दाभण, मेण लावलेला दोरा आणि पाठ सुटलेली उपासना संगीताची एक प्रत.

भाची : जय ख्रिस्त, मामा.

मामा : जय ख्रिस्त. पाय जपून टाक, खळ आहे. बघ काय दशा केलीय पुस्तकाची. आता कुणाला हवीत म्हणा पुस्तकं. सगळं पडद्यावर! गेल्या ईस्टरला लाइट गेली, तर दुसऱ्या कडव्याला फक्त आम्हा म्हाताऱ्यांचे आवाज उरले. बाकीची मंडळी मुकी. आणि तो कीबोर्ड…

भाची : ही आली. (पर्समधून पत्रिका काढते.)

मामा : थोरल्या काकांकडची? ताईचं लग्न ठरलं तर. छान कागद आहे.

भाची : पाळकसाहेबांचा फोन आला होता. म्हणाले, झालं गेलं विसर, क्षमा कर, प्रभूने सांगितलंय सत्तर गुणिले सात. मी काहीच बोलले नाही. पण मामा, काकांनी बाबांची सही घेतली ती वारस नोंदीची म्हणून, आणि ती होती हक्कसोडपत्रावर. मागची सगळी जागा गेली. बाबा त्या धक्क्यातून उठलेच नाहीत. बाबांनी एक हक्कसोडपत्र करून दिलं, आता मी दुसरं करून देऊ? क्षमेचं?

मामा : हं. शब्द बरोबर धरलास. न कळत.

भाची : म्हणजे?

मामा : नव्या करारात क्षमा करण्यासाठी जो ग्रीक शब्द सगळ्यात जास्त येतो, अफिएमी, त्याचा साधा अर्थ सोडणं. कोळ्यांनी जाळी सोडून येशूच्या मागे वाट धरली, तिथेही हेच क्रियापद आहे. जाळं सोडलं, ऋण सोडलं. प्रभूच्या प्रार्थनेत मत्तयाने पाप म्हटलेलं नाही, ऋण म्हटलंय. लूकमध्ये आधी पाप येतं आणि मग ऋणी. लोक रोज म्हणतात आणि…

भाची : बरं, ग्रीक राहू दे. मला एवढंच सांगा, क्षमा केली म्हणजे त्यांच्या घरी जाऊन जेवायचं का?

मामा : तू थेट पंगतीलाच जाऊन बसलीस! वर्गात अशी मुलं असायची. प्रश्नपत्रिका वाचायच्या आधीच पुरवणी मागणारी.

भाची : मामा.

मामा : सांगतो. पण माझ्या पद्धतीने. ते सत्तर गुणिले सात कुठे आहे?

भाची : मत्तय अठरा.

मामा : अठराव्या अध्यायात ओव्या किती?

भाची : ते कसं सांगणार?

मामा : पस्तीस. त्यातली एक ओवी मोबाइलवर फिरते, गुलाबाच्या फुलासकट. उरलेल्या चौतीस कोण वाचणार? मला या फुलांचा राग येतो बघ. केडगावला पंडिता रमाबाईंनी म्हातारपणी हिब्रू आणि ग्रीक धरून अख्खं बायबल मराठीत केलं, खेड्यातल्या बाईला कळावं म्हणून. त्यांच्या मुक्ती मिशनच्याच छापखान्यात मुलींनी खिळे जुळवले. १९२२ च्या एप्रिलात बाई गेल्या आणि १९२४ साली पुस्तक पुरं छापून आलं. आणि आपण काय करतो? एक ओवी, एक गुलाब, शुभ सकाळ.

भाची : मग त्या चौतीस ओव्यांत काय आहे?

मामा : सुरुवातीला लेकरं आहेत. त्यांना जो अडखळवील त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात टाकलेलं बरं, असं येशू म्हणतो. हे त्याच अध्यायात, बाई! मग हरवलेलं मेंढरू. मग येतं, भावाने अपराध केला तर काय करायचं. आणि तिथे पहिला शब्द ‘विसर’ नाही. पहिला शब्द आहे ‘जा’. एकट्याने जा, त्याची चूक त्याच्या पदरात घाल. नाही ऐकलं तर आणखी एकदोघांना घेऊन जा. तरी नाही ऐकलं तर मंडळीला सांग. हे सगळं ठरल्यावर पेत्र विचारतो, किती वेळा? तेव्हा कुठे ते सत्तर गुणिले सात येतं. कोणी त्याचा अर्थ सत्त्याहत्तर वेळा असाही लावतात. त्याच्या मागे उत्पत्तीतला लामेख उभा आहे, सत्त्याहत्तर पट सूड घेईन म्हणून बढाई मारणारा. येशूने त्याचाच आकडा उलटा फिरवला.

भाची : म्हणजे पाळकसाहेबांनी मधल्या तीन पायऱ्या गाळल्या.

मामा : गाळल्या. सोय आहे त्यात. ज्याने फसवलं त्याच्या दारी जायला धैर्य लागतं. जिला फसवलं तिला फोन करायला बॅलन्स पुरतो.

भाची : पण त्याच अध्यायाच्या शेवटी त्या निर्दय चाकराची गोष्ट आहे. राजाने त्याचं एवढं मोठं कर्ज सोडलं आणि त्याने दुसऱ्याचं फुटकळ कर्ज सोडलं नाही. रविवारच्या शाळेपासून ऐकतेय. ती माझ्यावरच येते की.

मामा : फुटकळ कोण म्हणालं? शंभर दिनार. एक दिनार म्हणजे मजुराचा एक दिवस. शंभर दिवसांची मजुरी! आज रोजंदारी पाचशे रुपये धरलीस तरी पन्नास हजार होतात. गरिबाला ही रक्कम चणे-फुटाणे नाहीत. येशूने पाच दिनार म्हटलं नाही, शंभर म्हटलं. तुझं जे गेलं ते खरंच गेलं, हे त्या गोष्टीत मान्य आहे.

भाची : आणि दुसरा आकडा?

मामा : दहा हजार तालांत. एका तालांताचे साधारण सहा हजार दिनार. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाचे तीनशे दिवस कामाचे धर. दोन लाख वर्षं झाली! हा आकडा फिटायचा नाहीच, म्हणून तो तसा आहे. राजाने आधी हिशेब मांडला, रक्कम सांगितली, मग सोडलं. हिशेब न मांडता सोडायला सांगणं म्हणजे… तूच मघाशी म्हणालीस ते. हक्कसोडपत्र वाचून, समजून, आपल्या खुशीने करायचं असतं. दाजींकडून ते न वाचता घेतलं. आता तुझ्याकडूनही न वाचताच मागताहेत.

(भाची थोडा वेळ काही बोलत नाही. मामा दाभणाने पानांच्या जुन्या भोकांतून वाट काढतात. नवी भोकं पाडली तर कागद फाटतो.)

भाची : मामा, मी तीन वर्षं प्रभुभोजन घेतलं नाही.

मामा : काय?

भाची : पुण्यात मागच्या बाकावर बसते. ताट आलं की पुढे देते. वेदीपाशी अर्पण आणलं आणि भावाशी वाकडं आहे असं आठवलं, तर आधी जाऊन समेट करायचा. मत्तय पाच. मला समेट करता येत नाही, मग भाकर कशी घेऊ?

मामा : पुन्हा वाच ती ओवी. वाचलीस का कधी नीट? तुझ्या मनात भावाविरुद्ध काही आहे असं आठवलं तर, असं तिथे नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर, असं आहे. म्हणजे अपराध केला त्याने अर्पण खाली ठेवून उठायचं. पुढच्या बाकावर बसणाऱ्याने! आणि तू तीन वर्षं मागे बसून त्याची शिक्षा भोगतेस!

भाची : पण मार्क अकरा?

मामा : काय मार्क अकरा?

भाची : प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कोणाविरुद्ध तुमच्या मनात काही असेल तर क्षमा करा. तिथे तर माझ्याच मनातलं म्हटलंय. ही मी वाचलीय. नीट.

मामा : (चष्मा काढून पुसतात) आहे. आहे खरं. हे मी सोयीने विसरलो. बरं, मग दोन्ही ओव्या धरू. मार्कात उभ्या जागी, देवासमोर सोडायचं आहे, तिथे दुसरा माणूस हजर असायची गरज नाही. मत्तयात उठून त्याच्याकडे जायचं आहे, समेटासाठी. सोडणं एकट्याने होतं. समेटाला दोघं लागतात. पौल रोमकरांना लिहितो तेव्हाही अट घालतो, तुमच्याकडून जितकं होईल तितकं. उरलेलं दुसऱ्याच्या हातात.

भाची : आणि अयोग्य रीतीने भाकर खाल्ली तर दंड, ते?

मामा : ते करिंथकरांना. तिथे श्रीमंत लोक आधी येऊन खाऊन पिऊन तर्र व्हायचे आणि गरीब उशिरा येऊन उपाशी राहायचे. पौल त्या रीतीबद्दल बोलतो. तुझ्यासारख्या उपाशी राहणाऱ्या मुलीबद्दल बोलत नाही. उद्या घे. भाकर म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे. लूकने लिहिलंय त्या क्रमाने पाहिलं तर धरून देणाऱ्याचा हातसुद्धा त्याच मेजावर होता.

भाची : बरं. पण जेवायला जायचं का, ते राहिलंच.

मामा : सोडणार नाहीस तू. योसेफाची गोष्ट घे. भावांनी विकला. पुढे दुष्काळात तेच भाऊ धान्यासाठी त्याच्यापुढे वाकले. तो काय लगेच गळ्यात पडला? शिमोनाला बांधून ठेवला. बन्यामीनाच्या गोणीत पेला लपवला. बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस, तीन अध्याय पारख चालली आहे. आत जाऊन रडतो, तोंड धुऊन बाहेर येतो, पण ओळख देत नाही. आणि एकदा यहूदा पुढे होऊन म्हणतो, धाकट्याला सोडा, त्याच्याऐवजी मला ठेवा. ज्याने त्याला विकायची कल्पना काढली तोच हा यहूदा. मग पंचेचाळिसाव्यात योसेफ फुटतो. मन सोडायला तयार होतं, पण विश्वास पारखूनच दिला.

भाची : म्हणजे काकांनी आधी जक्कयासारखं परत करायला हवं.

मामा : चौपट! जक्कयाला कोणी सांगितलंही नव्हतं. झाडावरून उतरला, येशू घरी आला आणि हा स्वतःच आकडा सांगतो. ज्याचं लुबाडलं त्याला चौपट. नियमशास्त्रात चोरून विकलेल्या मेंढराला चौपट आहे, तेच माप त्याने स्वतःला लावलं. मन पालटलं हे वहीत दिसतं. नाहीतर आमच्याकडे मेळावे होतात, रात्री दहा वाजता माणूस रडत पुढे येतो, साक्ष देतो, टाळ्या! सकाळी शेजाऱ्याची पाइपलाइन तीच तोडलेली.

भाची : तुम्हाला मेळाव्यांचं वावडंच आहे.

मामा : वावडं नाही. केडगावला १९०५ साली मुलींमध्ये मोठं संजीवन झालं, ते मी खोटं म्हणणार नाही. पण रोमकरांत मनाच्या नवीकरणाने रूपांतर होऊ द्या म्हणतो, ते ग्रीक क्रियापद चालू काळातलं आहे. होत राहू द्या. लक्ष्मीबाई टिळकांचं बघ. त्यांच्या नवऱ्याचा, टिळकांचा, बाप्तिस्मा १८९५ सालचा, बाईंचा १९००. मधल्या पाच वर्षांत दुरावा, मग एकत्र येऊनही सोवळं, स्वतःची चूल वेगळी. एकेक गाठ सुटत गेली. टिळकांनी न सांगता केलेलं बाईंच्या केवढं जिव्हारी लागलं होतं! आणि ‘स्मृतिचित्रे’ वाच, नवऱ्याची एक चूक म्हणून झाकलेली नाही. सगळी मांडलीय, आणि हसत मांडलीय. क्षमा केलेल्या माणसाची आठवण अशी असते. तुझे पाळकसाहेब म्हणतात तसं विसरणं नाही ते.

(इथे मामा दहा मिनिटं टिळकांच्या अभंगांवर आणि आजकालच्या चालींवर बोलले. ते गाळतो.)

भाची : कोर्टाचं काय? बाबांना सगळे म्हणाले, विश्वासणाऱ्याने विश्वासणाऱ्यावर दावा लावायचा नाही. पौलाने सांगितलंय. म्हणून ते गेले नाहीत.

मामा : पहिलं करिंथ, सहावा. हं. कोर्टाविषयी आपण बोलूच नये. १९७० च्या नोव्हेंबरात नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. मी तेव्हा लहान होतो. वडील म्हणाले, आता भांडणं संपली. पुढे चर्चच्या जमिनींचे दावे बघता बघता आमचे केस पांढरे झाले. एकेका तारखेला वकिलाला किती जातात माहीत आहे? आणि रविवारी अर्पण मोजायला…

भाची : बाबांचं विचारलं मी.

मामा : हो. पौल म्हणतो, कोर्टात जाण्यापेक्षा अन्याय का सोसत नाही? ही अर्धी ओवी सगळ्यांना पाठ. पुढच्याच ओवीत तो दुसऱ्या बाजूला झोडपतो, तुम्हीच अन्याय करता, फसवता, आणि तेही भावांना. आणि त्याच्याही आधी विचारतो, भावाभावांचा निवाडा करू शकेल असा एकही शहाणा तुमच्यात नाही का? म्हणजे कोर्टात जाऊ नका याला जोड आहे, मंडळीने निवाडा करावा. ती मत्तयातली तिसरी पायरी. मंडळीला सांग.

भाची : बाबांनी सांगितलं होतं.

मामा : हं?

भाची : कमिटीला पत्र दिलं होतं. पाळकसाहेब तेव्हा दुसरे होते. सेक्रेटरी तुम्ही होता.

(मामांच्या हातातला दोरा ताणलेला होता, तो सैल पडतो.)

भाची : बाबा आधी एकटे गेले काकांकडे. मग दोघांना घेऊन गेले. मग पत्र दिलं. तुमचा अठरावा अध्याय त्यांनी ओळीने केला, मामा. मला काकांच्या जेवणाचं पडलेलं नाही. मी मघापासून विचारतेय ते वेगळंच असावं. मी तुमच्या घरी येते, जेवते, तुम्हाला मामा म्हणते. मी तुम्हाला क्षमा केलीय की नाही, हेच मला कळत नाही.

मामा : (बऱ्याच वेळाने) पत्र आलं होतं. आवक केली मी. सभेत वाचलं. काका पुढच्या बाकावरचे, कमिटीत त्यांचे दोन व्याही. मला वाटलं, मी बोललो तर म्हणतील मेहुण्याची बाजू घेतो. लिहिलं, विषय पुढील सभेवर ठेवण्यात आला.

भाची : आणि पुढच्या सभेत?

मामा : छपराच्या पत्र्यांचा विषय निघाला. पावसाळा जवळ होता.

भाची : पत्रे बसले?

मामा : बसले.

(दोघंही हसत नाहीत.)

मामा : दाजींनी मला पुन्हा कधी विचारलं नाही. दिवाळीला नेहमीसारखे यायचे. मीच नजर चुकवायचो. तुला आता क्षमा कर म्हणणार नाही. मत्तय पाच माझ्यावर आहे. मघाशी मोठ्या आवाजात सांगत होतो, तेव्हा काकांचंच तोंड डोळ्यापुढे होतं.

भाची : पौलाने त्या फिलेमोनाला पत्र लिहिलं ना, दासासाठी?

मामा : अनेसिमासाठी. पंचवीस ओव्यांचं पत्र. त्याने तुझं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड, मी फेडीन, असं पौलाने स्वतःच्या हाताने लिहिलं. नुसतं प्रेमाने घे म्हणाला नाही, खात्यावर नाव घातलं.

भाची : तेच म्हणत होते.

(मामा उठून आत जातात. ट्रंकेचं झाकण वाजतं. एक पिवळी फाइल घेऊन येतात, सुतळीने बांधलेली. गाठ सुटत नाही, भाची दाभणाने सोडवते. दाजींचं अक्षर तिरपं, शाई निळी, वर मामांच्या हातचा आवक क्रमांक.)

मामा : हे विषयपत्रिकेवर आणतो. आता मी सेक्रेटरी नाही, पण सभासद आहे. पुढील सभेवर ठेवलेला विषय आहे, ही पुढील सभा. कमिटीने तेव्हा कर्तव्य केलं नाही आणि सेक्रेटरीने दडपलं, हे इतिवृत्तात माझ्या नावासकट यायला हवं. जागा परत मिळेल असं सांगत नाही. वकील गाठावा लागेल, तो खर्च माझ्या नावावर मांड.

भाची : काका ओरडतील.

मामा : ओरडू देत. आणि त्यांनी ऐकलंच, तर करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रातलंही मला आठवण कर. शिक्षा झालेल्या माणसाला पुरे झालं आता म्हणून जवळ घ्या, नाहीतर तो दुःखात बुडेल, असं पौल सांगतो. तेही मी सोयीने विसरेन.

भाची : आणि ताईचं लग्न?

मामा : ताईने तुझं काय घेतलंय?

भाची : माझी एक ओढणी. सातवीत असताना.

मामा : मग लग्नाला जा. आधीच्या रात्री काकांच्या घरी जेवण आहे, तिथे नाही गेलीस तरी प्रभूच्या वहीत काही लिहिलं जात नाही. समोर आले तर जय ख्रिस्त म्हण. तेवढं जमेल?

भाची : बघते.

खळ वाटीत घट्ट झाली होती. मामांनी पुस्तकाच्या पाठीला कापडी पट्टी लावली आणि वर वरवंटा ठेवला. रात्रभर दाबून ठेवावं लागतं. कमिटीची सभा पुढच्या रविवारी उपासनेनंतर आहे, लग्न त्याच्या पुढच्या शनिवारी. भाचीने दोन्ही दिवसांची रजा टाकली आहे.